उणे अठराची परीक्षा : थंड मुलखातल्या गाडीसाठी बॅटरी निवडताना

कॅनडातल्या विनिपेग शहरात जानेवारीतल्या रात्रीचे सरासरी किमान तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. काही रात्री पारा उणे ३० च्याही खाली जातो. अमेरिकेतल्या मिनिअ‍ॅपोलिसला आणि आपल्या लेहला त्याच महिन्यात उणे १३-१४ अंश ही नेहमीची गोष्ट आहे. अशा रात्री उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची किल्ली सकाळी फिरवली, की पुढचे दोन-तीन सेकंद सगळी भिस्त बॉनेटखालच्या एका जड, चौकोनी डब्यावर असते. त्याने हात टेकले तर इंजिन कितीही उत्तम असो, गाडी जागची हलत नाही. घराच्या दारात हे घडले तर कामावर उशीर होतो. दोन गावांमधल्या रिकाम्या महामार्गावर, उणे २५ अंशांत घडले तर ते जिवावर बेतू शकते.

पुण्यात किंवा नागपुरात गाडी चालवायला शिकलेल्या माणसाला बॅटरीबद्दल एकच प्रश्न विचारायची सवय असते : ‘किती एएचची?’, म्हणजे किती अँपिअर-तासांची. आपल्या हवामानात तो प्रश्न पुरतो. पण हाच माणूस नोकरीसाठी मिनेसोटात किंवा मॅनिटोबात गेला, की पहिल्याच हिवाळ्यात त्याला वेगळा प्रश्न विचारावा लागतो : ही बॅटरी गारठलेली असताना किती प्रवाह देईल? या प्रकरणात त्याच प्रश्नाचे उत्तर पाहायचे आहे. त्याचा गाभा आधीच सांगतो. बॅटरीवर छापलेला थंडीचा आकडा नव्या आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीचा असतो. योग्य आकडा निवडणे हे निम्मे काम झाले. बॅटरी भरलेली राहील अशी व्यवस्था करणे हे उरलेले निम्मे, आणि बहुतेकांचे तिथेच दुर्लक्ष होते.

हँडलपासून सेल्फपर्यंत

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात इंजिन हाताने, समोरून हँडल मारून सुरू करावे लागे. इंजिन उलटे फिरले तर हँडल जोरात मागे येई आणि मनगट मोडे. थंडीत तेल घट्ट झालेले असताना तर धडधाकट माणसाचाही घाम निघे. अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने यावर उपाय शोधला. तो आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता आणि तिथे त्याने गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर बनवली होती. गल्ल्याचे काम क्षणभराचे असते, त्यामुळे लहानशी मोटरही तेवढ्यापुरता मोठा जोर लावू शकते, हे त्याला तिथे उमगले होते. गाडीचे इंजिनही काही सेकंदच फिरवायचे असते. मग तिथेही लहान मोटर का चालणार नाही? या विचारातून तयार झालेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलमध्ये बसवला गेला. आपल्याकडे आपण त्यालाच ‘सेल्फ’ म्हणतो.

लहान मोटरने क्षणभर मोठा जोर लावायचा म्हणजे तिला तेवढाच मोठा प्रवाह एकाएकी मिळायला हवा. तो देणारी वस्तू तेव्हा उपलब्ध होती. फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांची पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली होती, आणि १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची क्षमता पुष्कळ वाढवली होती. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकी गाड्या सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर आल्या, पट्ट्यांमधले मिश्रधातू बदलले, पाणी घालण्याची गरज बरीचशी संपली. पण मूळ रसायन आजही प्लाँते यांचेच आहे. थंडीत ते का कच खाते हे कळले, की दुकानातला अर्धा गोंधळ मिटतो.

गारठ्यात डब्याच्या आत काय होते

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्ट देते. प्रत्येक घरात शिशाच्या आणि शिशाच्या डायऑक्साइडच्या पट्ट्या आळीपाळीने, सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवलेल्या असतात. बॅटरी प्रवाह देते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते, आम्ल खर्च होते आणि पाणी तयार होते. म्हणजे बॅटरी उतरत जाते तसतसे आतले आम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना हीच क्रिया उलटी चालते.

सेल्फला दोनशे अँपिअर द्यायचे असतील, तर पट्ट्यांच्या सच्छिद्र लेपाच्या आत आम्लाचे कण झपाट्याने पोहोचायला हवेत. थंडीत आम्ल दाट होते, कणांची हालचाल मंदावते, बॅटरीचा आतला रोध वाढतो. साठवलेली ऊर्जा आत असते, पण हव्या त्या वेगाने बाहेर येत नाही. बॅटरी उद्योगात सर्रास वापरले जाणारे अंदाज असे आहेत : २७ अंशांना बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद १०० धरली, तर शून्य अंशाला ती सुमारे ६५ उरते आणि उणे १८ ला सुमारे ४०.

त्याच वेळी इंजिनची मागणी वाढत असते. गारठलेले तेल घट्ट होते आणि पिस्टन, बेअरिंग यांना धरून ठेवते. २७ अंशांना इंजिन फिरवायला लागणारी ताकद १०० मानली, तर शून्य अंशाला ती १५५ च्या आसपास आणि उणे १८ ला २१० च्या आसपास जाते. देणारा ४० वर आला आणि मागणारा २१० वर गेला. म्हणजे उन्हाळ्याच्या तुलनेत हाताशी उरलेली सवड पाचव्या हिश्श्याहूनही कमी. सप्टेंबरात एका झटक्यात सुरू होणारी गाडी जानेवारीत नुसती टकटक करून गप्प बसते, त्याचे कारण हे आहे.

इथेच तेलाचा विचार करून टाकावा, कारण चुकीच्या तेलावर मोठ्या बॅटरीचा उतारा नाही. तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ असे लिहिलेले असते, त्यातला डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो. इंजिन फिरवण्याच्या दृष्टीने ०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, १०डब्ल्यूची उणे २५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. विनिपेगला १५डब्ल्यू-४० भरून बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. गाडीच्या पुस्तिकेत मान्य असलेले ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू तेल भरणे हा बॅटरीवरचा भार कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. हवामानाच्या बातम्यांत सांगतात की तापमान उणे २५ आहे, पण वाऱ्यामुळे ते उणे ४० सारखे जाणवेल. हे जाणवणे माणसाच्या त्वचेचे असते. वाऱ्यात उभी गाडी लवकर थंड होते, पण ती हवेच्या तापमानाखाली जात नाही. बॅटरी निवडताना हवेचे प्रत्यक्ष तापमानच लक्षात घ्यावे.

थंडीचा आकडा कसा वाचावा

उत्तर अमेरिकेत बॅटरीवर सर्वांत ठळक असतो तो सीसीए, म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअर. अमेरिकेतल्या एसएई या संस्थेच्या पद्धतीनुसार त्याचा अर्थ अगदी ठरलेला आहे. नवी, पूर्ण भरलेली बॅटरी उणे १८ अंशांपर्यंत थंड करायची आणि मग ती सलग ३० सेकंद जितका प्रवाह देऊ शकेल, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता, तो तिचा सीसीए. फॅरनहाइटमधला शून्य अंश म्हणजे जवळपास उणे १८, म्हणून हे तापमान निवडलेले आहे.

शेजारीच कधी कधी ‘सीए’ किंवा ‘एमसीए’ असा दुसरा, मोठा आकडा दिसतो. तो शून्य अंश सेल्सिअसला मोजलेला असतो. एकाच बॅटरीचा सीए तिच्या सीसीएपेक्षा नेहमीच जास्त भरतो. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना एकीचा सीए आणि दुसरीचा सीसीए पाहिला, तर कमकुवत बॅटरी सरस वाटू शकते. तुलना सीसीएची सीसीएशीच करावी.

युरोपीय गाडी असेल तर मापनपद्धतीही पाहावी. आजच्या युरोपीय ईएन पद्धतीतही चाचणी उणे १८ अंशांनाच होते, पण अटी निराळ्या आहेत : दहा सेकंदांनंतर ७.५ व्होल्ट टिकले पाहिजेत. जुनी जर्मन डीआयएन पद्धत याहून कडक होती; तिच्यात ३० सेकंदांनंतरही ९ व्होल्ट राहावे लागत. त्यामुळे जुन्या डीआयएनप्रमाणे ३०० चा आकडा असलेली बॅटरी एसएई किंवा ईएनप्रमाणे साधारण ५०० च्या घरात जाते. आकड्याशेजारी पद्धतीचे नाव लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

मग किती सीसीए घ्यावा? गाडी बनवणाऱ्याने पुस्तिकेत दिलेला आकडा ही खालची मर्यादा समजावी. त्याच मापात, त्याच जातीत थोडा जास्त सीसीए मिळत असेल तर थंड प्रदेशात तो जरूर घ्यावा. जास्त सीसीएमुळे सेल्फ जळेल अशी भीती काही जणांना वाटते. तसे होत नाही, कारण सेल्फ स्वतःला हवा तेवढाच प्रवाह ओढतो.

चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीला सुरू व्हायला दोनशे-अडीचशे अँपिअर पुरत असतील, तर ६०० सीसीएची बॅटरी कशाला, असा प्रश्न योग्य आहे. त्याला तीन उत्तरे आहेत. पहिले, चाचणी ७.२ व्होल्टपर्यंत घसरू देते, पण आजच्या गाडीतला संगणक आणि इंधनाचे इंजेक्टर यांना नीट चालायला त्याहून बरेच जास्त व्होल्टेज लागते. दुसरे, विनिपेगची सकाळ उणे १८ वर थांबत नाही. तिसरे, तीन वर्षांची बॅटरी नव्या बॅटरीइतकी नसते. वरवर दिसणारी ही चैन म्हणजे प्रत्यक्षात या तीन घसरणींसाठी ठेवलेली शिल्लक आहे. डिझेल गाडीला ती आणखी मोठी लागते. पेट्रोल इंजिनात हवा साधारण दहा-बारा पट दाबली जाते, डिझेलमध्ये पंधरा ते अठरा पट. शिवाय डिझेल इंजिन सुरू होण्याआधी त्याला ऊब देणारे ग्लो प्लग तापवायलाही बॅटरीच राबते.

सीसीएबरोबर आणखी एक आकडा पाहावा : ‘रिझर्व्ह कपॅसिटी’. २७ अंशांना पूर्ण भरलेल्या बॅटरीतून २५ अँपिअरचा प्रवाह चालू ठेवला, तर ती १०.५ व्होल्टवर यायला किती मिनिटे लागतात, हे तो सांगतो. चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बंद पडला तर दिवे आणि हीटरचा पंखा किती वेळ चालतील, याचा अंदाज त्यावरून येतो. हिमवादळात अडकलेल्या माणसाला ती मिनिटे मोलाची असतात. सीसीए वाढवण्यासाठी काही वेळा त्याच डब्यात जास्त आणि पातळ पट्ट्या बसवतात. पातळ पट्ट्या झटका चांगला देतात, पण लवकर झिजतात. दोन बॅटऱ्यांत सीसीए जवळपास सारखा असेल, तर जिची रिझर्व्ह कपॅसिटी जास्त आणि वजन जास्त, ती घ्यावी. शिशाच्या बॅटरीत वजन म्हणजे शिसे.

माप आणि जात

बॅटरी गाडीतल्या तिच्या जागेत घट्ट बसली पाहिजे, टर्मिनल योग्य बाजूला आली पाहिजेत आणि बॉनेट बंद केल्यावर प्लसचे टर्मिनल पत्र्याला लागता कामा नये. यासाठी उत्तर अमेरिकेत ‘ग्रुप साइझ’ ठरलेले आहेत : २४एफ, ३५, ४८, ४९, ९४आर असे. यातले ४८ म्हणजे युरोपीय एच६ आणि ९४आर म्हणजे एच७. आपल्या गाडीचा ग्रुप पुस्तिकेत किंवा जुन्या बॅटरीवर सापडतो. मोठी बॅटरी कशीबशी कोंबू नये. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी न बसवता तशीच ठेवणे तर मुळीच नको. हादऱ्यांनी पट्ट्यांवरचा लेप गळतो आणि नवी बॅटरी वर्षभरात म्हातारी होते.

जाती मुख्यतः तीन. साधी, द्रव आम्लाची बॅटरी सर्वांत स्वस्त आणि जुन्या धाटणीच्या गाडीला पूर्ण पुरेशी असते. दुसरी ईएफबी, म्हणजे याच रचनेची मजबूत केलेली आवृत्ती. तिसरी एजीएम. हिच्यात काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषलेले असते. तिचा आतला रोध कमी, त्यामुळे थंडीत झटका चांगला. चार्ज लवकर स्वीकारते आणि उभ्या गाडीत स्वतःहून कमी उतरते. किंमत मात्र साध्या बॅटरीपेक्षा बरीच जास्त.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत मुळात ईएफबी किंवा एजीएम बसवलेली असते. मूळची एजीएम असेल तर एजीएमच घ्यावी. तिथे साधी बॅटरी लावून वाचवलेले पैसे वर्ष-दोन वर्षांत दुप्पट जातात. मूळची साधी असेल आणि आपण एजीएम लावत असू, तर अल्टरनेटरचे व्होल्टेज तिला पुरते का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. अनेक नव्या गाड्यांमध्ये, विशेषतः युरोपीय गाड्यांमध्ये, नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. नोंद केली नाही तर संगणक जुन्या, दमलेल्या बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग करत राहतो. दुकानदार हे काम करतो का आणि त्याचे किती घेतो, हे आधीच विचारावे.

वजनाला हलकी म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटची बारा व्होल्ट बॅटरीही विकली जाते. शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर तिच्या पेशींना कायमची इजा होते. आतमध्ये हीटर आणि संरक्षक यंत्रणा नसेल, तर थंड मुलखात तिचा विचारही करू नये. जेल बॅटरी दीर्घकाळ थोडा थोडा प्रवाह देण्यासाठी असते. सेल्फसाठी ती नको.

जुनी बॅटरी खरेच गेली आहे का?

नवी घेण्याआधी जुनीची परीक्षा करावी, कारण पुष्कळदा दोष दुसरीकडेच असतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी ती खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, क्लॅम्प घट्ट करावेत. खराब जोडणीतून दोनशे अँपिअर जात नाहीत.

नंतर साधा मल्टिमीटर घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर टर्मिनलवर १२.६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे पाव. एजीएमचे आकडे याहून थोडे वर असतात. पूर्ण भरलेली एजीएम सुमारे १२.८ दाखवते. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान व्होल्टेज दिसायला हवे. ते नसेल तर अल्टरनेटर तपासावा, नाहीतर नवी बॅटरीही आठवडाभरात उतरेल.

पण भरलेली आहे म्हणजे ताकदवान आहे, असे नाही. पट्ट्यांचा लेप झिजलेली बॅटरी १२.६ दाखवते आणि भार पडताच कोसळते. त्यासाठी भार चाचणी असते : पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सीसीएच्या निम्म्या प्रवाहाचा भार १५ सेकंद द्यायचा. खोलीच्या तापमानाला, म्हणजे २१ अंशांच्या आसपास, व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी बदलायची वेळ झाली. अमेरिका-कॅनडातली सुट्या भागांची बरीच दुकाने ही चाचणी मोफत करून देतात.

बदलायचीच ठरली, तर दुकानात नव्या बॅटरीवरची तारीख पाहावी. ती कधी महिना-वर्ष अशी गोल चिकटपट्टीवर असते, तर कधी सांकेतिक असते : पहिले अक्षर महिन्याचे, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, आणि पुढचा अंक वर्षाचा. बॅटरी कपाटात ठेवली तरी हळूहळू उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की लेड सल्फेटचे स्फटिक कडक होतात. ते मग चार्जिंगनेही विरघळत नाहीत. तीन महिन्यांच्या आतली बॅटरी मागावी, सहा महिन्यांपेक्षा जुनी नाकारावी, आणि घेण्याआधी मीटर लावून दाखवायला सांगावे.

हमीचेही तसेच. ‘पाच वर्षे’ एवढेच वाचून समाधान मानू नये. त्यातली फुकट बदलून देण्याची मुदत किती आणि वापरलेल्या महिन्यांचे पैसे कापून उरलेली सूट देण्याची मुदत किती, हे दोन वेगळे आकडे असतात. आपल्या कामाचा पहिला.

भरलेली बॅटरी थंडीला पुरून उरते

आता त्या दुसऱ्या, दुर्लक्षित निम्म्या कामाकडे येऊ. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल गोठायला उणे ५५-६० अंश लागतात; माणसे राहतात अशा बहुतेक ठिकाणी ते कधी गोठणार नाही. बॅटरी अर्धी उतरली की तेच आम्ल उणे २४-२५ अंशांना गोठू लागते. पाव उरली की उणे १५ ला, आणि पूर्ण उतरलेली असेल तर उणे १० च्या आसपासच. गोठलेले पाणी प्रसरण पावते, पट्ट्या वाकवते, डबा तडकवते. चांगल्यातली चांगली बॅटरीही एका रात्रीत भंगारात जाते.

परदेशातली पुष्कळ मराठी कुटुंबे डिसेंबरात मुलांच्या सुट्टीला धरून तीन-चार आठवडे भारतात येतात, आणि गाडी घराबाहेर किंवा विमानतळाच्या उघड्या वाहनतळावर उभी राहते. त्या गाडीचा हिशेब करून पाहू. गाडी बंद असली तरी कुलूप, अलार्म आणि संगणक मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकतात. दिवसाला झाले १.२ अँपिअर-तास. २८ दिवसांत ३३.६. बॅटरी ६० अँपिअर-तासांची आणि निघताना पूर्ण भरलेली असेल, तर परत येईपर्यंत निम्म्याहून कमी उरते. निघतानाच ती पाऊण भरलेली असेल, तर जेमतेम पावाच्या आसपास. म्हणजे उणे १५ च्या रात्रीही ती गोठू शकते. सीसीए ७०० असला तरी इथे त्याचा काही उपयोग नाही.

उपाय सोपे आहेत. गाडी घरी ठेवणार असाल तर लहानसा स्वयंचलित चार्जर, म्हणजे मेंटेनर, लावून जा. तो बॅटरी भरल्यावर प्रवाह आपोआप कमी करतो. तशी सोय नसेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून मायनसची केबल काढून ठेवा. सुटी, भरलेली बॅटरी थंडीत फारच सावकाश उतरते. मात्र केबल काढल्यावर रिमोट चालत नाही, म्हणून दार उघडायची लोखंडी किल्ली जवळ असू द्या, आणि काही गाड्यांत रेडिओचा कोड किंवा खिडक्यांची मांडणी पुन्हा करावी लागते, ते पुस्तिकेत पाहून ठेवा.

रोजच्या वापरातही असेच. घर ते शाळा, शाळा ते दुकान अशा दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मागची काच तापवणारी जाळी, सीटचे हीटर, पंखा आणि दिवे मिळून अल्टरनेटरचा बराच प्रवाह खातात, आणि गारठलेली बॅटरी उरलेला चार्जही धिम्या गतीने स्वीकारते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवावे, किंवा महिन्यातून एकदा रात्रभर चार्जर लावावा.

उणे २० च्या खाली नेहमी जाणाऱ्या गावात इंजिनाचा हीटरही हवाच. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांना अशा हीटरचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले. आज मॅनिटोबा आणि सस्कॅचवानमधल्या गाड्यांच्या नाकातून विजेचा प्लग लोंबताना दिसतो आणि वाहनतळांवर त्यासाठी सॉकेट असतात. गाडी सुरू करण्याआधी दोन ते चार तास तो लावला, की इंजिन कोमट होते, तेल सैल होते आणि बॅटरीचे काम कितीतरी हलके होते.

आणि एवढे करूनही बॅटरी बसलीच, तर जंपर केबलचा क्रम लक्षात ठेवा. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ठिणगी तिच्याजवळ पडता कामा नये. बॅटरी गोठल्याचा किंवा फुगल्याचा संशय असेल तर तिला केबल किंवा चार्जर अजिबात लावू नका. ती फुटू शकते.

आपल्याकडचे काय?

महाराष्ट्रात बॅटरीचा शत्रू उलट आहे. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम बॅटरीच्या झिजण्यालाही लागू पडतो. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा अकोल्यात बॉनेटखालची उष्णता पट्ट्यांची जाळी गंजवते आणि पाणी उडवते. म्हणून आपल्याकडे फार मोठ्या सीसीएच्या मागे लागू नये. पुस्तिकेतला अँपिअर-तास, ताजी तारीख आणि विश्वासू विक्रेता एवढे बस्स आहे. थंड मुलखातही जानेवारीत गाडी बंद पाडणारी बॅटरी पुष्कळदा आधीच्या उन्हाळ्यातच झिजलेली असते. थंडी तिची झीज उघडी पाडते.

मात्र महाराष्ट्रातून गाडी घेऊन हिवाळ्यात स्पितीला किंवा लडाखला जाण्याची हौस वाढते आहे. अशा प्रवाशांनी विनिपेगचेच नियम पाळावेत. तीन वर्षांच्या वरची बॅटरी निघण्याआधी भार चाचणीत घालून पाहावी, गाडी बनवणाऱ्याला मान्य असेल तेवढे थंडीचे तेल भरावे, जंपर केबल बरोबर घ्यावी. डिझेल गाडी असेल तर इंधनाचीही काळजी घ्यावी, कारण साधे डिझेल गारठ्यात दाटते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले ते याचसाठी. टाकी शक्यतो तिथेच भरावी.

जुनी बॅटरी कुठेही टाकू नये. शिसे विषारी आहे, आणि ते जवळजवळ पूर्णपणे पुन्हा वापरता येते. अमेरिकेत नवी घेताना अनामत भरावी लागते आणि जुनी परत केली की ती मिळते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. जुनी बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडेच द्यावी, गल्लीत शिसे वितळवणाऱ्याला नको.

थंड मुलखात राहणाऱ्या प्रत्येकाला शेवटी एवढेच सांगणे आहे : बॅटरीची परीक्षा ऑक्टोबरात करून घ्या, पहिल्या हिमवर्षावाची वाट पाहू नका. बदलायची झाली तर आधी माप, मग जात, मग सीसीए, मग तारीख आणि शेवटी किंमत, या क्रमाने निवडा. आणि घरी आणल्यावर ती वर्षभर भरलेली ठेवा, कारण छापलेला आकडा भरलेल्या बॅटरीलाच लागू होतो.